पद्माक्काचा काट्याशी उभा दावा

पद्माक्का पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा तिनं पाणी मागितलं नाही, चहा मागितला नाही. "बाथरूम कुठं हाय?" एवढंच विचारलं. मला वाटलं, वयस्कर बाई, उन्हातनं चालत आलीय, असेल गरज. मी दार दाखवलं. ती आत गेली आणि अर्ध्या मिनिटात बाहेर आली. तिच्या काखेत आमचा वजनाचा काटा होता.

"ह्यो मी न्हेतो," ती म्हणाली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या कोल्हापुरात बायका 'मी नेतो, मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून माझी जीभ सरळ झालीय. आक्काची कशाला होईल!

"अहो आक्का, तो आमचा आहे," मी म्हटलं.

"ठाऊक हाय की. ऊस हाईस व्हय तू, रोज काट्यावर चढायला?"

एवढं बोलून काटा पिशवीत, पाय चपलेत, आणि बाई फाटकाबाहेर. मी आपली दारात तोंड उघडं टाकून उभी. आता खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. तो काटा मला पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला आमच्या ह्यांनी भेट दिला होता. साडी नाही, गजरा नाही, काटा! वर 'तुझ्या तब्येतीची काळजी वाटते गं' असं म्हणाले. त्या रात्री मी त्यांच्या आमटीत मीठच घातलं नाही. म्हटलं, मलाही तुमच्या तब्येतीची काळजी आहे.

पुढं आक्काच्या घरी गेले तेव्हा आमच्या काट्याचा मुक्काम कळला. तिच्या परसात असे अकरा काटे ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकावर एकेक कुंडी. आमच्यावर शेवंती बसली होती. मी बघतच राहिले, तर आक्का म्हणाली, "तिला काय लाज न्हाय. ती वाढली की लोक कौतुक करत्यात. तुमीच तेवढ्या खुळ्या."

ही आक्का म्हणजे पद्मावती चौगुले. वय बासष्ट. कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची ऊसशेती, जुनं जैन घराणं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घरात ती एकटी आणि गोठ्यात दोन म्हशी. दिवस मावळायच्या आत जेवण उरकणार आणि पहाटे चारला उठून धारा काढणार. आणि सकाळी सहाला बावड्यातल्या चाळीस बायकांना योगासनं शिकवणार.

योग शिकवणारी बाई म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जी शिडशिडीत, वेतासारखी बाई आली असेल तिला आधी तिथनं उठवा. आक्का दारात उभी राहिली की मागचा उजेड बंद होतो. अंगात नवऱ्याचा जुना फुल शर्ट, शेतात खुरपणीला जाणाऱ्या बायका घालतात तसा, आणि खाली सलवार. पण हीच बाई हलासनात पाय डोक्यामागं नेऊन असे अलगद टेकवते की बघणाऱ्याची मान दुखावी. वीस वर्षं म्हशींखाली उकिडवं बसून कंबर गेली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. आक्का म्हणाली, बघतो की. मग कॉलनीतल्या एका रिटायर बाईंकडे दोन वर्षं आसनं शिकली आणि कंबर सरळ करूनच गप्प बसली.

तिचा वर्ग भरतो आमच्या गल्लीतल्या तालमीच्या माडीवर. खाली पैलवानांचा लाल मातीचा हौद, वर आम्ही. ह्या तालमीच्या जिन्यावर पूर्वी बाईमाणसाची सावली पडलेली नव्हती. आक्का एक दिवस सरळ वस्तादांपुढं जाऊन उभी राहिली. "वस्ताद, तुमची पोरं माझ्या म्हशींच्या दुधावर वाढल्यात. आता वरची खोली माझ्या पोरींस्नी द्या." वस्तादांना नाही म्हणायला जागाच नव्हती, कारण आक्काच्या घरचं दूध त्यांच्या वडलांच्या वेळेपासून तालमीत येतंय. आणि पोरी म्हणजे कोण, तर चोवीस वर्षांच्या प्राजक्तापासून एकाहत्तर वर्षांच्या हौसाबाईंपर्यंत आम्ही सगळ्या.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या गाऊनवर टॉवेल घेऊन गेलो. कोल्हापुरात गाऊनवर टॉवेल घेतला की बाई कुठंही जाऊ शकते, दळण आणायला, दूध घ्यायला, भांडायलासुद्धा. आक्कानं बादली फिरवली आणि सगळे टॉवेल गोळा केले. कुणीतरी कुरकुरलं, "आक्का, खाली पैलवान हायत." आक्का म्हणाली, "असू देत. तुमच्याजवळ जे हाय तेच त्यांच्या आयांजवळ हाय. पाय जोडा. हात वर."

तिचं शिकवणं कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. "श्वास घ्या. माहेरची गाडी दारात आली असा घ्या. सोडा. भांडी घासून झाली असा सोडा." पवनमुक्तासनात व्हायचं ते झालं आणि कुणाचा तरी आवाज आला की पोरी तोंडात बोळा घालून हसायच्या. आक्का शांतपणे म्हणायची, "आवाज आला म्हंजे आसन बरोबर जमलं. ज्यांचा आला न्हाय त्यांनी परत करा."

फक्त एका गोष्टीला तिच्याकडं माफी नव्हती. वर्गात कुणी वजनाचं नाव काढलं, किंवा आपल्याच अंगाला नावं ठेवली, की शिक्षा. शिक्षा अशी की पुढं यायचं, ज्या अवयवाला शिवी दिली त्याच्यावर हात ठेवायचा आणि त्यानं आजवर काय काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. "अंग तुझंच हाय न्हवं? मग त्याची बाजू कोण घेणार, शेजारीण?"

हौसाबाई एकदा हाताचं लोंबतं कातडं ओढून 'काय हे ध्यान' म्हणाल्या आणि सापडल्या. पुढं येऊन बिचाऱ्या विचारात पडल्या. शेतातलं तण काढायची भांगलण झाली, भाकरी थापणं झालं, मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "आनि ह्याच हातानं एकदा नवऱ्याच्या मुस्काटात ठेवून दिलती. एकदाच. पर बसली." त्या दिवशी पुढचं आसन झालंच नाही. आम्ही सतरंजीवर लोळत होतो.

माझी पाळी यायला वेळ लागला नाही. आरशासारख्या खिडकीच्या काचेत बघून मी पुटपुटले, "शी, हे पोट बघा." आक्काचे कान म्हशीचे. "ये मास्तरीण. ठेव हात." साठ पोरांसमोर घसा फोडणारी मी, तिथं माझी वाचा बसली. म्हटलं, "दोन मुलं वाढवली."

"आनि?"

"आणि एक राहिलं नाही. तिसऱ्या महिन्यात गेलं." हे मी अठरा वर्षांत आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तोंडातून कसं निघालं मलाच कळलं नाही. आक्कानं ना 'अरेरे' केलं ना जवळ घेतलं. तशीच समोर उभी राहून म्हणाली, "आनि?"

"आणि रंकाळ्यावरची भेळ. आजवर पोतंभर तरी."

मग सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि खाली बसताना मला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं. म्हणून सांगते, तो वर्ग आम्हाला हवा होता. नुसता व्यायाम म्हणून नव्हे.

आणि तोच वर्ग आक्काच्या हातून जायची वेळ आली.

झालं असं की शाहूपुरीतल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रातली ट्रेनर बाई तालमीच्या कमिटीकडं आली. सडपातळ, काळी टाइट पँट, गळ्यात शिट्टी. तिला आमची माडी हवी होती, चाळीस दिवसांच्या शिबिरासाठी, 'आठ किलो गॅरंटी' असा बोर्ड लावून. कमिटीला बोर्ड आवडला. वस्ताद माणूस सरळ, त्यांनी आम्हालाच बोलावून सांगितलं. "वरीस झालं तुमी येताय, पर वाळली कोण? आता वजन करूया, एका महिन्यानं परत करूया. उतरलं तर खोली आक्काची. न्हाय उतरलं तर त्या बाईंची. ह्याच्यात माझं काय चुकलं सांगा."

आक्का तेव्हा पेठ वडगावला भाचीच्या बाळाच्या बारशाला चार दिवस गेली होती. ती असती तर हा विषय जिन्यातच संपला असता. पण आम्ही चाळीस शहाण्या, खोली जाईल ह्या भीतीनं माना डोलावून मोकळ्या झालो. आणि मी शिकलेली म्हणून मला पहिल्या नंबरला ढकललं.

खाली हौदाशेजारी पैलवानांचा मोठा काटा आहे. मैदानाआधी कोण कुठल्या गटात ते त्याच्यावर ठरतं. पुढच्या आठवड्यात मैदान होतं, त्यामुळं तालमीच्या छपरावर कर्णा लावलेला आणि माइक जोडलेला. वस्ताद गेली चाळीस वर्षं मैदानात पुकारा करतायत. काट्यावर माणूस चढलं की त्यांचा हात आपोआप माइककडं जातो. माझे दोन्ही पाय काट्यावर पडायला आणि वस्तादांचा आवाज अख्ख्या बावड्यावर घुमायला एकच गाठ पडली.

"आनि काट्यावर आलेल्या हायत, कसबा बावड्याच्या रणरागिणी, मास्तरीण बाई! वजन ब्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम! टाळ्या झाल्या पायजेत!"

आणि झाल्या हो टाळ्या! हौदातले पंधरा-वीस पैलवान मातीच्या हातांनी, अगदी मनापासून टाळ्या वाजवत होते. एक जण दुसऱ्याला कौतुकानं म्हणालाही, "वैनी दणकट हायत." कुणी टिंगल करत नव्हतं, हेच तर वाईट. तालमीत ब्याऐंशी म्हणजे मानाची गोष्ट. तिथं अंगावर चढतं त्याला कमावलेलं म्हणतात. तेच आमच्या अंगावर चढलं की सुटलेलं. मी काट्यावरनं उतरले ती थेट घरी. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं आणि सातवीच्या फळ्यावर कुणीतरी दशांश अपूर्णांकाचं गणित घालून ठेवलं होतं, ८२.६ उणे किती. मी मराठीची बाई!

माझ्यामागनं आणखी तिघी चढल्या आणि पाचवी प्राजक्ता. तिचं लग्न ठरलेलं. सासरच्यांनी साखरपुड्यातच 'लग्नापर्यंत जरा बारीक झाली तर शालू खुलंल' असं हसत हसत सांगितलेलं. वस्तादांनी तिचाही गौरव केला. "एकाहत्तर किलो! नवरी मुलगी! टाळ्या!" तिची होणारी सासू तीन गल्ल्या पलीकडं राहते आणि कर्ण्याला तीन गल्ल्या म्हणजे काहीच नाही. पोरगी ओंजळीत तोंड लपवून पळाली. उरलेल्यांची वजनं मग माइक बंद करून वहीत लिहिली.

आक्का वडगावहून आली ती एसटीतनं उतरून पिशवीसकट तालमीत.

"काय वस्ताद, पोरींचा बाजार मांडलाय व्हय?"

"आक्का, मी तर गौरव केला की!" वस्ताद खरोखर गोंधळले होते.

"ऱ्हाऊ द्या तुमचा गौरव. ह्या काट्यावर माझी एक पोरगी परत चढणार न्हाय."

"मग खोली जाईल, आक्का. कमिटीचं ठरलंय."

"जाईना का!" आक्का म्हणाली. पण मी शेजारीच उभी होते. तिनं हौदाचा कठडा घट्ट धरला होता आणि आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. धार काढून झाल्यावर ह्या बाईला दिवसभरात दुसरं जायचं ठिकाण नव्हतं, हे मला माहीत होतं. खोली गेली तर तिचं काय व्हायचं, हा विचार आम्हा सगळ्यांनाच चावत होता.

म्हणून आम्ही आक्काला न सांगता कट केला. महिन्यात सगळ्यांनी गुपचूप वजन उतरवायचं आणि आक्काला जिंकवायचं. तिला वाचवायला तिच्याच नियमाला काडी लावली, एवढ्या आम्ही हुशार. मी दुधीचा रस प्यायला लागले. रविवारी घरात तांबडा-पांढरा रस्सा उकळत असताना मी काकडी खाल्ली. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, "कुणी गेलंय का गं तुमच्यात?" वर्गात चाळीस बायका जांभया द्यायला लागल्या. आक्का संशयानं बघायची. "काय गं, रात्री सगळ्या मिळून चोऱ्या करताय व्हय?"

तिसऱ्या आठवड्यात वृक्षासन चालू होतं. एका पायावर उभं राहिलेली प्राजक्ता एकदम पांढरी पडली आणि कोसळली. आक्का बासष्ट वर्षांची, पण पोरीचं डोकं फरशीला लागायच्या आत तिनं तिला धरलं. मांडीवर घेतलं. पाणी मारलं. डोळे उघडल्यावर विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंस?"

"काल सकाळी. एक सफरचंद."

आक्का ओरडली नाही. तिनं फक्त आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं आणि तिला सगळं कळलं. आक्का ओरडत नाही म्हटल्यावर मला भीती वाटली.

मी आणि तिनं प्राजक्ताला स्कूटरवर मधे बसवून आक्काच्या घरी नेलं. आक्कानं दूध-भाकरी कुस्करून गूळ घालून दिली, पोरगी खाऊन तिथंच झोपी गेली. आम्ही दोघी परसात येऊन बसलो. समोर कुंड्यांखालचे ते अकरा काटे. मी काहीतरी विनोद करायला गेले, पण आक्कानं हात वर केला.

"माझी स्मिता अशीच हुती. गोल. हसरी. लग्नाचं बघायला लागलो तर पहिल्याच पावण्यांनी सांगितलं, पोरगी जरा भरलीय. मग मी काटा आणला. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, तिला चढवायचो. आनि आकडा कॅलेंडरवर लिहायचो, दुधाच्या लिटराखाली. स्वयंपाकघरात. येणारा-जाणारा वाचायचा. वाढलं की त्या आठवड्यात एक भाकरी कमी. ती ताटाकडं बघायची, मी तिच्या ताटाकडं बघायचो. दोन वर्सं केलं मी हे."

मी म्हटलं, "आक्का, तेव्हा सगळेच—"

"सगळ्यांचं नगं सांगू मला. सासूनं न्हाय केलं, पावण्यांनी न्हाय केलं. मी केलं."

"आता कुठं असते स्मिता?"

"पुण्याला. बँकेत हाय. तिचं तिनंच जमवलं, जावई झ्याक हाय. वर्सातनं दोनदा येती. बोलती, हसती, म्हशींवरनं हात फिरवती. पर ह्या घरात जेवत न्हाय. 'आई, खाऊन आलोय' म्हणती. अकरा वर्सं झाली. चहासुदा अर्धा ठेवती."

मला रडू आलं, आणि ती मात्र रडली नाही, उठून म्हशींना वैरण टाकायला गेली.

महिना भरला. रविवारी सकाळी तालमीत ही गर्दी! कमिटी खुर्च्यांवर, पैलवान हौदाच्या कडेला, शिट्टीवाली बाई हसतमुख, आणि आम्ही चाळीस जणी रांगेत. आमची पोटं आत, चेहरे फाशीला निघाल्यासारखे. मी एकोणऐंशीवर आले होते आणि त्याचा मला छुपा आनंदही झाला होता, लपवून काय करू. वस्तादांनी माइक उचलला. तेवढ्यात आक्का रांग ओलांडून पुढं आली, त्यांच्या हातातनं माइक काढून घेतला आणि नवऱ्याच्या त्या फुल शर्टातच काट्यावर चढली.

"पद्मावती चौगुले. कसबा बावडा. वय बासष्ट." मैदान होऊन गेलं तरी कर्णा कुणी उतरवला नव्हता, तो चालूच होता. तिनं खाली वाकून आकडा वाचला. "शहाण्णव किलो, चारशे ग्रॅम."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"वजन पायजे न्हवं तुमाला? हे माझं घ्या. ह्या पोरी चढणार न्हाईत. खोली घ्यायची तर घ्या, मी माझ्या गोठ्यात शिकवतो, म्हशी काय म्हणणार न्हाईत. पर एक इचारतो, वस्ताद. तुमचा गडी शंभर किलोचा झाला की तुमी त्याला फेटा बांधता. आनि आमच्या पोरींस्नी जन्मल्यापास्नं एकच सांगताय, कमी व्हा. कमी खा, कमी बोला, कमी दिसा. किती कमी करायचं? एक दिवस त्यांच्यातलं काय शिल्लक ऱ्हाणार न्हाय." इथं तिचा श्वास अडकला. आम्हाला श्वास शिकवणाऱ्या बाईचा. "मी पन हेच सांगितलं हुतं. माझ्या सोत्ताच्या पोरीला. काट्यावर उभी करून. चुकलो मी. लई चुकलो."

ते 'लई चुकलो' छपरावरनं सगळ्या गल्ल्यांत गेलं. मग तिनं माइक वस्तादांच्या हातात ठेवला आणि काट्यावरनं उतरली.

वस्तादांनी माइक बंद केला. ते कमिटीकडं वळून म्हणाले, "सकाळची खोली आक्काची. त्या बाईंनी संध्याकाळची घ्यावी." मग आक्काकडं बघून अगदी आदरानं म्हणाले, "शहाण्णव म्हंजे, आक्का, तुमी थेट वरच्या गटात." हे त्यांचं सांत्वन. आक्का हसली, मग आम्ही हसलो, आणि चाळीस जणी समोरच्या टपरीवर जाऊन वडापाव खाऊन आलो. शिट्टीवाल्या बाईंचीही कंबर दुखत होती असं पुढं कळलं. आता त्या सकाळी मागच्या रांगेत असतात.

प्राजक्तानं आक्काचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. कॉलनीच्या ग्रुपवरनं ते कुठं कुठं गेलं देव जाणे.

पुढच्या रविवारी दुपारी मी आक्काकडं शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले, लसणाशिवाय केलेली. स्वयंपाकघरात पस्तिशीची एक बाई खाली बसली होती. समोर ताट, गवारीची भाजी, दही, भाकरीची बुट्टी, म्हणजे टोपली, ताटलीनं झाकून हाताशी. नाकडोळे आक्काचेच. "या ना, मी स्मिता," ती म्हणाली. "आई मागं आहे. मीच सांगितलं तिला, जरा बाहेर बस, मला एकटीला जेवू दे." आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

मी मागच्या दारानं परसात आले. आक्का स्टुलावर बसली होती, घराकडं पाठ करून. धारेची वेळ नव्हती, काही काम नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं एकमेकांत घट्ट गुंतवलेली. मी जवळ गेले तरी तिनं मान वळवली नाही.

"खातीय?" तिनं अगदी हळू विचारलं.

"खातीय, आक्का."

तिनं डोळे मिटले. आतनं बुट्टीचं झाकण वाजलं. आक्का ताठ झाली, माझा हात धरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "किती भाक—"

मग तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. कितीतरी वेळानं तो काढला.

"न्हाय," ती म्हणाली. "सांगू नगंस मला."